साठ ते सव्वाशे

जुना कॅमेरा हातात आला की माणूस आधी शटरची डायल हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, नेतो, कॅमेरा कानाशी धरतो आणि खटका दाबतो. कोरडा, टणक आवाज आला की स्वारी खूश. त्यातून तो शर्यतींचा शौकीन असेल तर बघायलाच नको. गाडी ताशी दोनशेने जाणार, तर शटर हजाराचं हवंच, हे गणित इतकं सरळ वाटतं की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. मग हजार नीट चालतो म्हणून बॉडी घेतली जाते, एफ १.४ आहे, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेते, म्हणून लेन्स घेतली जाते, आणि पहिला रोल धुऊन आला की त्यात ट्रॅकवर पार्क केल्यासारख्या गाड्या तरी असतात, नाहीतर नुसते फराटे.

शर्यतीसाठी जुन्या कॅमेऱ्यातले खरे कामाचे आकडे दोनच, साठ आणि सव्वाशे. डायलवरचं ६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, पण बोलताना सगळे नुसतं साठ, सव्वाशे, अडीचशे असंच म्हणतात. आणि योग असा की चाळीस-पन्नास वर्षांनी जुन्या शटरमध्ये जे वेग बहुधा शाबूत सापडतात, तेही हेच.

आकडेमोड एकदा करून बघण्यासारखी आहे. पाच मीटर लांबीची गाडी ३५ मिमी फिल्मच्या चौकटीची दोन तृतीयांश रुंदी व्यापते असं धरा, म्हणजे फिल्मवर तिची लांबी २४ मिमी. प्रमाण झालं साधारण १:२०८. ती ताशी २०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटरने, समोरून आडवी जात असेल तर तिची प्रतिमा फिल्मवरून सेकंदाला सुमारे २६७ मिमी सरकते. कॅमेरा स्थिर धरून हजारावर फोटो काढला तरी ती पाव मिलिमीटरहून जास्त घसरलेली असते. छापलेल्या फोटोत कडा रेखीव वाटायला फिल्मवरचा फराटा ०.०३ मिमीच्या आत लागतो. इथे तो नऊपट आहे. तो घालवायचा तर १/९००० च्या आसपासचं शटर हवं. १९८२ च्या निकॉन एफएम२ चा १/४००० हा त्या काळातला मोठा पराक्रम, पण तोही निम्म्या वाटेवर थांबतो.

म्हणून कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा. पॅनिंग म्हणतात ते हेच. आणि एकदा कॅमेरा फिरवायला लागलो की जलद शटरचा उपयोग राहत नाही, उलट तोटाच होतो. चाकाकडे बघा. ६५ सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी २०० किलोमीटरला सेकंदाला २७ फेरे घेतं. हजारावर ते जेमतेम १० अंश फिरतं. रिमचे आरे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट, गाडी गॅरेजबाहेर उभी असल्यासारखी. सव्वाशेवर ते ७८ अंश फिरतं आणि आरे विरघळून त्यांची चकती होते. मागचे प्रेक्षक आणि जाहिरातींचे फलक अडीचशेवर फिल्मवर एक मिलिमीटरचे पट्टे ओढतात, साठावर साडेचार मिलिमीटरचे. फोटोत वेग दिसतो तो या पट्ट्यांमुळे. गाडीवरचे आकडे वाचता यावेत एवढी ती स्वच्छ, बाकी सगळं वाहून गेलेलं. शर्यतीचा फोटो म्हणून डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते बहुतेक वेळा साठ आणि सव्वाशेच्या मधलं असतं.

आता शटरचं वय. जुन्या कापडी शटरमध्ये दोन पडदे एकामागोमाग आडवे धावतात. पहिला चौकट उघडत जातो, दुसरा झाकत येतो. चौकट पार करायला पडद्याला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. साठावर पहिला पडदा पलीकडे पोचतो आणि मगच दुसरा सुटतो. त्याहून जलद वेगांना दोघांमध्ये फक्त एक फट असते आणि तीच चौकटीवरून सरकत जाते. हजाराला ही फट तीन-साडेतीन मिलिमीटरची. पुढे स्प्रिंग थकते, वंगण घट्ट होतं, आणि दुसरा पडदा पहिल्याला अर्ध्या मिलिसेकंदाने गाठू लागतो. हजाराला मुळात उघडीपच एक मिलिसेकंदाची. तिच्यातला अर्धा वाटा गेला की चौकटीच्या शेवटच्या बाजूला निम्माच प्रकाश पडतो. दुखणं आणखी वाढलं की पडदे एकमेकांना गाठतात आणि फोटोची एक कड ठार काळी येते. तीच अर्ध्या मिलिसेकंदाची चूक साठाला, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंदांत, तीन टक्के ठरते. फिल्मला ती कळतसुद्धा नाही.

दुसऱ्या टोकाला संथ वेग. अर्धा सेकंद, एक सेकंद हे वेग दातेरी चक्रांच्या छोट्या साखळीवर चालतात, आणि तिथलं वंगण वाळलं की एका सेकंदाचे तीन होतात किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) चित्र दाखवणारा आरसा वरच अडकून बसतो. घड्याळ बंद पडावं तसं. पण शर्यतीत एक सेकंदाचं काम काय? ‘संथ वेग अडकतात’ अशा शेऱ्यासह कमी किमतीत निघालेली बॉडी रेसवाल्याने बिनधास्त घ्यावी, मधले वेग तपासून.

तपासणी अवघड नाही. लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, कॅमेरा उजळ खिडकीकडे धरून मागून बघत हजारावर खटका दाबा. पूर्ण चौकट एकसारखी लखलखली पाहिजे. एक बाजू अंधारी वाटली तर पडदे एकमेकांना गाठताहेत. मग फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. तीसला आठ फ्रेम उजळ दिसाव्यात, साठाला चार, सव्वाशेला दोन. त्यापुढे फोनचं काम नाही, प्रकाशाचा सेन्सर लावून मोजावं लागतं, पण आपल्याला हवं ते एवढ्यात कळलेलं असतं. शेवटी अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या बाजूने टॉर्च मारून मागून पडदा बघायचा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं ताऱ्यांसारखी चमकतात. हे एकदा शटर न चढवता आणि एकदा चढवून करायचं, कारण दोन्ही वेळी समोर असतो तो पडदा वेगळा.

शर्यतींच्या शौकिनाला कॅमेरा निवडताना मोह आवरत नाही, आणि आवरूही नये. निकॉन एफ३ घ्या. १९८० साली आलेल्या या कॅमेऱ्याचं रूप जॉर्जेतो जुजारोचं. ग्रिपजवळची लाल रेघ त्याचीच. हाच माणूस बीएमडब्ल्यू एम१ चा डिझायनर, आणि १९७९-८० मध्ये त्या एम१ गाड्यांची प्रोकार मालिका युरोपातल्या ग्रां प्रीच्या जोडीने व्हायची, फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर त्यात उतरायचे. पहिल्या वर्षी निकी लाउडा जिंकला, दुसऱ्या वर्षी नेल्सन पिके. एफ३ चं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, बॅटरी मेली की बंद. पण लेन्सच्या बाजूला एक छोटी आणीबाणीची कळ आहे. ती बॅटरीशिवाय एकच वेग देते, सुमारे १/६०. म्हणजे बॅटरी संपलेला एफ३ हा पॅनिंगपुरता कॅमेरा होऊन बसतो.

कॅनन टी९० ची गोष्ट याहून मजेशीर. १९८६ चा हा गोलमटोल कॅमेरा, त्याच्या वळणांमागे लुइजी कोलानी. याच कोलानीने १९७२ साली मार्च ७२१ च्या सांगाड्यावर आयफेलँड संघासाठी फॉर्म्युला वनची बॉडी घडवली होती. रॉल्फ श्टोमेलेन ती चालवायचा. ड्रायव्हरच्या नाकासमोर मधोमध, पेरिस्कोपसारखा उभा एकच आरसा. गाडी चालली नाही. टी९० मात्र हातात इतका बसतो की घेणारा खाली ठेवत नाही. त्याचं दुखणं ठाऊक असलेलं बरं. बरेच दिवस न वापरलेल्या टी९० चे शटरचे चुंबक चिकटतात आणि डिस्प्लेवर ‘ईईई’ अशी अक्षरं येतात. पडून राहिला की दुखतो, महिन्यातून दोन-चारदा खटके मारले की ठणठणीत राहतो.

नाव-गाव न बघता कामाचा कॅमेरा हवा असेल तर पूर्ण यांत्रिक बॉडी: १९७६ ची पेंटॅक्स के१०००, १९७७ ची निकॉन एफएम, १९७३ ची ऑलिंपस ओएम-१. बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. कॅनन एई-१ जगभर ढिगाने सापडतो, पण खटका दाबताना तो दम्याच्या रोग्यासारखा ‘खूंsक’ करत असेल तर आरशाच्या यंत्रणेतलं वंगण वाळलेलं आहे. दुरुस्ती म्हणजे नेमक्या जागी थेंबभर तेल. चुकीच्या जागी पडलं की ते पडद्यावर पसरतं.

ओएम-१, निकॉन फोटोमिक एफटीएन, कॅनन एफटीबी यांचे मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचे. तो सेल बंद झाला. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल टाकला की काटा प्रकाश जास्त दाखवतो आणि रोल एक-दोन स्टॉपने काळवंडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). श्रवणयंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो. रबराच्या बारीक कड्यात बसवला की काम होतं, फक्त चिकटपट्टी काढल्यावर तो एक-दोन महिन्यांतच संपतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला ही कटकट नाही, त्याच्या मीटरचं सर्किट व्होल्टेजच्या अशा फरकाला दाद देत नाही. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरी दिसली तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. गळलेला अल्कलाइन सेल अल्कली सोडतो, म्हणून आंबट चालतं.

फोमचं मात्र हमखास काम निघतं. मागच्या दाराच्या खाचांमध्ये आणि आरसा वर आदळतो त्या जागी जो काळा फोम असतो तो एवढ्या वर्षांत डांबर झालेला असतो. बोट लावलं की काळं येतं. त्याचे कण आतल्या काचेवर पडतात, आणि आरसा त्याला चिकटला तर खाली यायला उशीर करतो. तो काढायचा तर कॅमेरा उघड्या दाराच्या बाजूने खाली तोंड करून धरा, म्हणजे कचरा पडद्यावर न पडता बाहेर पडेल. बांबूच्या काडीचं टोक चपटं कापून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि खाच हळूहळू खरवडा. घाई केली की काडी निसटते, आणि समोर असतो कापडी पडदा. खाच कोरडी झाली की दीड मिमी जाडीच्या फोमची पट्टी कापा. मागच्या गोंदाला पाण्याचं ओलं बोट लावलं की तो मिनिटभर पकडत नाही. तेवढ्यात पट्टी सरकवून सरळ बसवता येते. बिजागरीच्या बाजूला जाड पट्टी लागते. आरशाच्या वरचा फोम बहुधा तीन मिमी. त्याहून जाड लावला की आरसा पूर्ण वर जात नाही आणि फोटोची एक कड कापली जाते. एक गोष्ट मात्र अजिबात नको: व्ह्यूफाइंडरखालच्या फोकसिंग स्क्रीनला अल्कोहोल लावणं. ते प्लॅस्टिक आहे, डाग कायमचा. तिथे फक्त हवेचा फुगा.

लेन्सकडे आलं की ‘किती फास्ट’ हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं. उघडं अ‍ॅपर्चर पॅनिंगला लागतच नाही. एफ ४ ची २०० मिमी आणि एफ ३.५ ची १३५ मिमी पुरून उरतात. १:२०८ प्रमाणासाठी २०० मिमी लेन्सला गाडी ४२ मीटरवर हवी, १३५ ला २८, ३०० ला ६३. सुरक्षा जाळीमागून गाडीपर्यंतचं अंतर बहुतेक ठिकाणी याच टप्प्यात पडतं. ५०० मिमीची एफ ८ आरशाची लेन्स दिसायला दणकट आणि वजनाला हलकी, पण तिला अ‍ॅपर्चरच नसतं आणि मागच्या प्रत्येक चमचमाटाचा मेदूवडा होतो. ढगाळ दिवशी व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस सापडेपर्यंत गाडी पुढच्या वळणावर.

लेन्स हातात घेतली की टॉर्च. मागून प्रकाश टाकून समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. दोन-चार तंतूंनी फोटो बिघडत नाही, पण ती काचेवरचं कोटिंग खाते. एकसारखं दुधी धुकं दिसलं तर उन्हासमोर सगळं पांढरट येईल. काठावर इंद्रधनुषी डाग असेल तर चिकटवलेल्या दोन काचा सुटताहेत, ती लेन्स ठेवून द्या. पाठची पिन हलवून अ‍ॅपर्चरच्या पात्या झटकन मिटतात का बघा. तेलकट असल्या तर उशिरा मिटतात आणि एफ ११ लावलेला फोटो एफ ५.६ सारखा जळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून बहुधा सगळ्यात शेवटी बघितलं जाणारं: फोकसची रिंग. दोन बोटांनी, अनंतापासून वीस मीटरपर्यंत, न अडखळता फिरली पाहिजे. जुनं ग्रीस गोठलेलं असेल तर रिंग फिरवताना अख्खी लेन्स हलते. ओरखडे असलेली पण लोण्यासारखी फिरणारी २०० मिमी ही आरशासारख्या स्वच्छ पण घट्ट लेन्सपेक्षा शर्यतीत कितीतरी बरी. १९७७ च्या आधीच्या निकॉन लेन्स एफएमवर चालतात, कारण त्याची कडेची छोटी कळ वर दुमडता येते. एफएम२ ला ती सोय नाही, जबरदस्ती केली तर कळ मोडते.

घरी आणल्यावर चामड्याच्या केसमधून काढून ठेवायचं. केस देखणी असते, पण ओल धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता, एवढं पुरे.

आता ट्रॅकवर. पहिली अडचण उन्हाची. आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील त्याचा आकडा. लख्ख उन्हात आयएसओ १०० च्या फिल्मला एफ १६ वर सव्वाशे. साठावर जायचं तर एफ २२, आणि बहुतेक लेन्स तिथेच संपतात. आयएसओ ४०० चा रोल घातला असेल तर साठाला एफ ४५ लागेल, जे कुठे नसतंच. म्हणून दुपारच्या शर्यतीला १०० चाच रोल, आणि जवळ एक एनडी ८ हा करडा फिल्टर, तीन स्टॉप प्रकाश खाणारा. हा फिल्टर दुसऱ्याही एका भांडणाचा निकाल लावतो. ट्रॅकभोवती तारेची जाळी असते. लेन्स जाळीला टेकवून एफ ४ वर ठेवली की २०० मिमीचं तोंड ५० मिमीचं; तीन मिलिमीटरची तार त्यात विरून जाते. एफ २२ ला तेच तोंड ९ मिमीचं होतं आणि तार करड्या पट्टीसारखी गाडीवर उमटते. एनडी ८ लावला की साठाला एफ ८ मिळतो. जाळीही जाते आणि पट्टेही राहतात.

एफ ८ ला २०० मिमीवर ४२ मीटरला फोकस लावला तर साडेतेहतीसपासून छप्पन मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. त्यामुळे फोकस आधीच लावून ठेवायचा, गाडी जिथून जाणार तिथल्या कर्बच्या, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या, रंगीत पट्ट्यावर, आणि रिंगला टेपचा तुकडा चिकटवायचा. मग हात फक्त फिरवायला मोकळे.

उभं राहण्याची रीत उलटी आहे. पावलं फोटो काढायच्या जागेकडे रोखायची, मग कमरेत पिळून गाडी येते त्या बाजूला वळायचं. गाडी दिसली की पीळ सुटत जातो आणि ऐन क्षणी शरीर सगळ्यात सैल असतं. गाडीकडे तोंड करून उभं राहिलं की नेमकं उलटं होतं. कोपरं बरगड्यांना. ३०० मिमीला मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड, डोक्याचा स्क्रू सैल, म्हणजे वर-खाली हेलकावा नाही आणि आडवं मोकळं.

खटका दाबायची वेळ हे जुन्या कॅमेऱ्याचं स्वतंत्र प्रकरण. बोट दाबल्यापासून आरसा वर जाऊन पडदा सुटेपर्यंत पन्नासेक मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ताशी २०० ची गाडी पावणेतीन मीटर पुढे. डोळ्यांनी बघून बोट हलवायला आणखी दोनशे मिलिसेकंद, अकरा मीटर. म्हणजे ‘आता’ असं वाटून दाबलं तर गाडी चौकटीबाहेर. कॅमेरा आधीपासून बरोबर फिरत असेल तरच हा उशीर बिनमहत्त्वाचा ठरतो. आणि आरसा वर गेला की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार! हातही तिथेच थांबतो, बहुतेकांचे पॅन फसतात ते या क्षणी. अंधारातही फिरवत राहायचं, आरसा खाली आल्यावर गाडी जिथे होती तिथेच दिसली पाहिजे. १९६५ च्या कॅनन पेलिक्समध्ये हा अंधारच नाही. त्याचा आरसा अर्धपारदर्शक पडद्याचा आणि जागचा न हलणारा. थोडा प्रकाश वर, बाकीचा फिल्मवर. पण तो पडदा इतका पातळ आणि नाजूक की साफ करायची हिंमत होत नाही, आणि स्वच्छ पेलिक्स मिळणं हा नशिबाचा भाग. जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात वरून बघितलं की डावं-उजवं उलटं दिसतं, गाडी एका बाजूला आणि हात दुसऱ्या. रोलाय्फ्लेक्स या अशाच कॅमेऱ्याच्या हुडची पुढची पट्टी आत ढकलली की डोळ्याशी धरायची चौकट तयार होते. ती याचसाठी.

फिल्म आपोआप पुढे ओढणाऱ्या मोटर ड्राइव्हवर फार भरवसा नको. सेकंदाला पाच फ्रेम म्हटलं तरी दोन फ्रेमच्या मधे गाडी अकरा मीटर गेलेली असते. ३६ फोटोंचा रोल सात सेकंदांत संपतो. उलट तिसाव्या फोटोलाच रोल बदलावा. ऐन ओव्हरटेकच्या वेळी रिवाइंड करत बसलेला माणूस दर शर्यतीत दिसतो. नवा रोल घातल्यावर पुढे ढकलताना रिवाइंडचा खुंटा उलटा फिरतो का बघायचं. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही आणि दिवसभर तुम्ही रिकामे खटके मारणार.

जुनी लेन्स मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल, बॉडीवर लावून आधी सराव केला तर रोल वाचतात. निकॉनच्या जुन्या लेन्सला फिल्मपासून ४६.५ मिमी अंतर लागतं, कॅननच्या जुन्या एफडी लेन्सला ४२. मिररलेसमध्ये ते १६ ते २० असतं, त्यामुळे मधे पोकळ नळीचा अडॅप्टर मावतो. अडॅप्टर ०.१ मिमीने जरी लांब निघाला तरी ५० मिमी लेन्स २५ मीटरपुढे फोकसच होत नाही; २०० मिमीला तोच दोष चारशे मीटरपर्यंत जाणवत नाही. पॅनिंग करताना स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, बंद ठेवलेलं बरं, नाहीतर ते तुमच्या हाताशी भांडतं. आणि शटर यांत्रिकच निवडायचं. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, तो संथ असेल तर खांब तिरपे आणि चाकं लंबगोल येतात.

या तिरप्या चाकाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१० च्या दशकात जाक-आँरी लार्तीगने ग्रां प्रीमध्ये काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. गाडीचं मागचं चाक पुढे कललेलं, लंबगोल. कडेचे प्रेक्षक मागे झुकलेले. काचेच्या प्लेटसमोरून फट वरून खाली सरकत होती. प्रतिमा उलटी पडत असल्याने जमिनीकडचा भाग आधी टिपला गेला, वरचा नंतर. लार्तीग कॅमेरा फिरवत होता, पण गाडीपेक्षा हळू. मधल्या वेळात गाडी चौकटीत पुढे सरकली, प्रेक्षक मागे. बस, एवढंच. आडव्या पडद्याच्या ३५ मिमी कॅमेऱ्यात हाच खेळ लांबीवर होतो: न फिरवता हजारावर काढलेली गाडी पडद्याच्या दिशेने प्रतिमा सरकत असेल तर सात ते नऊ टक्के ताणली जाते, उलट दिशेने असेल तर तेवढीच आखडते. त्याच गाडीचे दोन दिशांनी काढलेले फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो.

रोल धुऊन आला की निगेटिव्ह भिंगाखाली वाचायची. ३६ मध्ये दोन-तीन जमले तर दिवस चांगला गेला. बाकीचे फुकट जात नाहीत. मागचे पट्टे सरळ न राहता सापासारखे वळवळले असतील तर हात वर-खाली झाला, मोनोपॉड घ्या. गाडी दर वेळी चौकटीच्या पुढच्या कडेला लागलेली असेल तर हात गाडीपेक्षा मंद आहे. मागचे फलक दुहेरी दिसत असतील तर खटका दाबताना क्षणभर थबकलात. आणि हेल्मेट काचेसारखं स्वच्छ पण गाडीचं नाक आणि मागचा पंख मऊ, असं दिसलं तर आधी लेन्सची लांबी बघा. दहा मीटरवरून ५० मिमीने, ताशी १०० च्या हेअरपिनवर (केसाच्या पिनेसारख्या तीव्र वळणावर), साठाला काढलेल्या फोटोत मधला भाग बरोबर पकडला तरी अडीच मीटर पुढचं नाक फिल्मवर ०.१४ मिमी घसरतं, कारण कॅमेरा गोल फिरतो आणि गाडी सरळ जाते. ४२ मीटरवरून २०० मिमीने, गाडीचा वेग दुप्पट असूनही, तीच घसरण ०.०२ मिमीसुद्धा होत नाही. मऊ नाकाचा तो फोटो टाकू नका.